बोट चालू, बोट बंद

आमच्या आजीच्या वर्षाचे भाग दोनच: बोट चालू आणि बोट बंद. संक्रांत, शिमगा, लग्नसराई, गणपती हे सगळं त्या दोहोंच्या पोटात. ‘बाबांचा जन्म कधीचा गं?’ म्हणून विचारलं, तर तिथी-तारीख तिच्या तोंडून कधी आली नाही. ‘बोट बंद होवन धा-बारा दिस झाले असतले. लाकडां भिजली होती, चूल पेटना नाय होती.’ एवढ्यावरून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मेअखेर वारा फिरला की मुंबईची आगबोट थांबायची, ती नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ पोचून दर्या निवळेपर्यंत. त्या तीन-साडेतीन महिन्यांत वेंगुर्लं जगापासून तुटायचं असं कोणी लिहिणारा लिहील. आजीचं म्हणणं वेगळं होतं. ‘त्या दिवसांत आपली माणसां आपल्या घरात रवत,’ असं ती म्हणायची.

वेंगुर्ल्याचं बंदर आज पाहिलंत तर खरं वाटायचं नाही, पण या गावावरून एके काळी जगातली मोठी मोठी माणसं भांडलेली आहेत. गावात डचांची वखार आहे. म्हणजे भिंती आहेत, छप्पर गेलं, भिंतींतून पिंपळ उगवले. सतराव्या शतकात डचांनी गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रातून नाकेबंदी मांडली, तेव्हा त्यांच्या जहाजांना हाकेच्या अंतरावर गोडं पाणी, तांदूळ आणि ताजं काहीबाही मिळण्याची जागा हवी होती. ती वेंगुर्ल्याला मिळाली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १६४८ साली इथूनच डचांच्या जहाजानं बटाव्हियाला गेला. त्यानं गावाचं नाव ‘मिंग्रेला’ असं करून ठेवलंय. आजीच्या लेखी डच म्हणजे ‘ते आदले सायब’. नंतरचे साहेब इंग्रज. पहिल्यांनी भिंती बांधल्या आणि दुसऱ्यांनी रस्ता, एवढाच तिला दोघांतला फरक ठाऊक, आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकीचा नव्हता.

दुसरे साहेब आले १८१२ साली. सावंतवाडीकरांकडून त्यांनी वेंगुर्ल्याचा कोट आणि बंदर लिहून घेतलं. कारण सांगितलं चाचेगिरीचं. गावातल्या एका भागाला अजून ‘कॅम्प’ म्हणतात, तो त्यांच्याच फौजेचा तळ. पण इंग्रजांचा खरा जीव अडकलेला होता घाटावर, बेळगावच्या छावणीत. तिथल्या पलटणींना जे जे लागे ते मुंबईहून गलबतात भरायचं, वेंगुर्ल्याला उतरवायचं आणि सावंतवाडी, दाणोली करत घाट चढवायचा. आधी रामघाटाची उभी वाट होती. तिच्यावरून लमाणांचे बैल पाठीवर मीठ घेऊन वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. पुढे पारपोली-आंबोलीचा गाडीरस्ता झाला, आणि त्या रस्त्यानं आमच्या पणजोबांचं नशीब काढलं.

पणजोबा हुंडेकरी होते. हल्लीच्या मुलांना हा धंदा सांगावा लागतो. दुसऱ्याचा माल आपल्या जोखमीवर या गावाहून त्या गावाला पोचता करायचा, तो हुंडेकरी. बंदरावर उतरलेले डाग मोजून घ्यायचे, गाडीवानांशी भाडं ठरवायचं, बैलांचा तळ कुठे पडायचा ते बघायचं, आणि वरून येताना गाड्या रिकाम्या येऊ द्यायच्या नाहीत. वर जायचं ते मीठ, नारळ, काथ्या, सुकी मासळी, खजूर, साखर, लोखंड, विलायती कापडाचे तागे, पुढे रॉकेलचे डबे. खाली यायचा कापूस, हिरडा, गूळ, तंबाखू. हिरडा विलायतेत कातडी कमावायला लागतो, हे पणजोबांना कोणीतरी सांगितलेलं होतं. पण इतक्या लांबच्या लोकांना झाडावरून गळलेला हिरडा लागावा, याचं त्यांना मरेपर्यंत नवल वाटे. साहेबाचं पोट बिघडतं म्हणून तो हिरडा नेतो, असंच त्यांचं मत होतं.

पणजोबांचा पियानो ही आमच्या घरातली सर्वांत जुनी गोष्ट. बेळगावच्या कुणा साहेबाच्या मडमेचा पियानो बंदरावर उतरला आणि तो वर पोचवायचं काम पणजोबांनी घेतलं. आजोबा सांगत तेव्हा दोन गाड्या एकमेकींना बांधून त्यावर पियानो घातलेला असे. आत्या सांगते तेव्हा गाडी घाटाच्या पायथ्याशी मोडते आणि सोळा हमाल तो खांद्यावरून चढवतात. माझ्या वडलांच्या गोष्टीत रात्री दाणोलीच्या तळावर एका गाडीवानाचं पोर झाकण उघडून पट्टीवर हात मारतं आणि बैल उधळतात. तिन्ही खऱ्या असतील, किंवा एकही नसेल. पियानो वर पोचला आणि भाडं मिळालं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

सगळाच माल आगबोटीचा नव्हता. मचवे होते, फत्तेमाऱ्या होत्या, बसऱ्याकडून खजूर घेऊन येणारे अरबी बगले होते. मंगळूरची कौलं शिडाच्या गलबतांतूनच येत. आमच्या घरावर अजून त्यातली काही आहेत. एक कौल उलटं केलं की त्यावर बाझेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल दिसतं. घर १८६५ चं असल्याचं आमच्याकडे तीन पिढ्या अभिमानानं सांगत आल्या. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, आणि सगळ्या कोकणात ज्याच्या त्याच्या छपरावर तेच असतं. हे कळलं तेव्हा काका म्हणाले, ‘असूं दे, कौलां तरी खरी आसत.’ आणि रॉकेलच्या डब्यांची लाकडी खोकी! तेल संपायचं, पण खोकी घरात राहायची. देव्हाऱ्याखालचा चौरंग, आजीची मसाल्याची मांडणी, आमच्या शाळेच्या पुस्तकांचं कपाट, सगळं त्या खोक्यांचं. डब्यांची पाण्याची पिंपं, मापं, कोंबड्यांची घरटी. घरात आलेली एकही वस्तू त्या पिढीनं टाकून दिली नाही.

मग रेल्वे आली. ती आमच्याकडे आली नाही, तीच तर अडचण. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली करार झाला, मुरगावला बंदर बांधायचं ठरलं, आणि १८८८ पर्यंत दूधसागरच्या डोंगरातून रूळ वर जाऊन बेळगाव-धारवाडच्या लाइनीला मिळाले. भांडवल बहुतेक इंग्रजी. म्हणजे लंडनच्या पैशानं पोर्तुगिजांचं बंदर उभं राहिलं आणि इंग्रजांच्या स्वतःच्या वेंगुर्ल्याला धूळ बसू लागली. जो कापूस बैलगाडीनं घाट उतरायला चार-पाच दिवस घेई, तो आता रुळांवरून झोपेतल्या झोपेत समुद्राला पोचे. ‘रेल्वेन आमचो धंदो खाल्लो,’ हे पणजोबांचं वाक्य आजोबांनी ऐकलेलं, आजोबांचं आम्ही. साठ-सत्तर वर्षांनीही ते त्याच रागानं म्हटलं जाई, जणू रेल्वे काल संध्याकाळीच आली. पणजोबा जन्मभर रेल्वेत बसले नाहीत. पंढरपूरला गेले तेही बैलगाडीनं.

धंदा एकदम बुडाला नाही. गाड्या चालत राहिल्या, फक्त कमी. आजोबांनी मात्र शहाणपणा केला आणि बैल सोडून कागद धरला. बोटीच्या एजंटाकडे ते कारकून लागले. बंदरावरच्या कचेरीत मोठी चोपडी असे आणि तीत प्रत्येक बोटीला किती डाग चढले, किती उतरले, किती उतारू, ते लिहायचं. आजोबांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि डोकं हिशेबाचं. त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं जे गेलं त्याचा अर्थ ते आम्हाला एका दमात सांगत: आधी डागांचं पान भरायचं आणि उतारूंचं अर्धं राहायचं, नंतर नंतर डागांचं अर्धं राहू लागलं आणि उतारूंना पान पुरेना.

माणसं कुठे जात होती ते कोकणातल्या कुणाला सांगायला नको. मुंबईत गिरण्या निघाल्या, गोद्या निघाल्या. १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा. भिंती उभारायला हात, साचे चालवायला हात, जहाजं रिकामी करायला हात, आणि ते हात रत्नागिरी जिल्ह्याचे. तेव्हा वेंगुर्लं रत्नागिरी जिल्ह्यातच. आमच्या आळीतला एक घर सोडून दुसरा चाकरमानी होता. शेजारच्या मुसलमान वाडीतले खलाशी त्याहून लांब जात. कोणी टंडेल, कोणी सारंग. लंडन, लिव्हरपूल ही गावं त्यांच्या बायकांच्या तोंडी सावंतवाडीसारखी असत. बोटीनं माणसं जात आणि त्यांच्या मागून काही दिवसांनी मनिऑर्डरी येत. पोस्टमन वहिनींच्या दारात बसून पाणी पिऊन जाई, ते उगाच नाही.

बोटीचं चढणं-उतरणं हा स्वतंत्र सोहळा होता. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि शिट्टी देई. किनाऱ्यावरून पडाव सुटत. ओहोटी असेल तर पडावापर्यंतही गुडघाभर, मांडीभर पाण्यातून जायचं, नाहीतर खलाशाच्या खांद्यावर बसायचं. साहेब खुर्चीत बसून जात, सावकार खांद्यावर, आणि आमच्यासारखे पाण्यातून. आजी तरुणपणी पहिल्यांदा मुंबईला निघाली तेव्हा खलाशानं तिला उचलायला हात पुढे केले. ‘मी काय तांदळाचां पोतां आसंय, उचलून न्हेवक?’ असं म्हणून नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती पाण्यात उतरली. पडाव बोटीला भिडला की लाटेबरोबर वर-खाली होई. शिडीवरचा माणूस ‘आता!’ म्हणे, आणि त्या क्षणी पाय टाकायचा. ‘आता’नंतर पाय टाकणाऱ्यांचं काय होई, ते आजी आम्हाला हातवारे करून दाखवी. तिच्या सासूची नथ त्या पाण्यात आहे.

सोबत शिदोरी. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याची चटणी, उकडलेली अंडी, घावणे, कडक बुंदीचे लाडू, मालवणचं खाजं, आणि बोट लागू नये म्हणून आवळासुपारी, लिंबू, आमसुलं. आजीला बोट कधीच लागली नाही. आजोबांना मात्र बंदरावर जन्म गेला तरी प्रत्येक वेळी लागायची. तिसऱ्या वर्गाचा डेक म्हणजे चटया आणि वळकट्यांचं गाव. मे महिन्याच्या शेवटच्या फेऱ्यांत आंब्याच्या करंड्यांनी बोट अशी भरे की पाय ठेवायला जागा नसे, आणि पिकू लागलेल्या हापूसचा वास इंजिनाच्या तेलाच्या वासात मिसळे. आजीच्या नाकात मुंबईचा वास म्हणजे तो. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड अशी बंदरं घेत घेत बोट जाई. प्रत्येक ठिकाणी पडाव येत, माणसं चढत आणि ‘जरा सरका’ सुरू होई. पहाटे कधीतरी मुंबईचे दिवे दिसत, मग भाऊचा धक्का. तो भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी मला वाटे की आपला कोणीतरी भाऊ तिथे उभा असतो, म्हणून आपण तिथे उतरतो.

बोट कुणाची, यावरही घरात पक्ष होते. आधी शेफर्डची बोट. मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. आणि स्वदेशीच्या वाऱ्यात आपल्या माणसांनी काढलेली एक कंपनी, जिला कोकणात सगळे ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावं. आजोबा ज्या एजंटाचं मीठ खात तो दुसऱ्या पक्षाचा, आणि आजी तिकीट काढी ते तुकारामाचं. घरात दोन दिवस अबोला. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. दसरा-दिवाळी उलटलेली, आभाळ निवळलेलं, असल्या दिवसांत वादळ येईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता की नाही, यावर पुढे गावात बरीच वर्षं वाद चालले. आजोबा त्या वादात कधी पडले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी आजीच्या तिकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि आजीनंही कुठल्याच बोटीच्या नावावरून त्यांना डिवचलं नाही. आरवलीच्या वेतोबाला मात्र तिनं दरवर्षी केळ्यांचा घड बोलला, आणि तो तिच्यामागे आईनं चालवला.

दुसऱ्या लढाईत सरकारनं किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटी आरमारात ओढल्या. ‘रत्नागिरी’, ‘रामदास’, ‘प्रभावती’ या लाह्या-लाडवांच्या बोटींवर तोफा चढल्या. आजोबांना ‘प्रभावती’चं फार. तिची गोष्ट ते हळू आवाजात सांगत, आणि आम्हाला ती थाप वाटे. डिसेंबर १९४१ मध्ये गोव्याच्या खाली अंजदीव बेटाजवळ रात्री एका इंग्रजी क्रूझरनं तिला जपानी पाणबुडी समजून तोफा डागल्या आणि बुडवलं. पुढे मी वाचलं तेव्हा अक्षर न् अक्षर खरं निघालं. क्रूझरचं नाव ‘ग्लासगो’. दुसरी गोष्ट मुरगावची. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्या बंदरात आसऱ्याला असलेली तीन जर्मन आणि एक इटालियन जहाजं इंग्रजांच्या हल्ल्यानंतर त्यांच्याच खलाशांनी पेटवून बुडवली. त्या रात्री दक्षिणेचं आभाळ तांबडं झालेलं आपण बंदरावरून पाहिलं, असं आजोबा सांगत. वेंगुर्ल्यावरून ते दिसलं असेल का, याची मला शंका आहे. पण रेल्वेनं ज्या बंदराला आपला धंदा नेऊन दिला, तिथे आग लागलेली पाहायला पणजोबा हवे होते, असं ते वर म्हणायचे.

काकाआजोबा मुंबईला गोदीत होते, डाग मोजायच्या कामावर. म्हणजे धंदा घराण्याचाच. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ उभी होती. पोटात हजारावर टन स्फोटकं, त्यांच्याच जोडीला कराचीत भरलेला कापूस, तेल, सुकी मासळी आणि सोन्याच्या विटा. लढाईमुळे धोक्याचं तांबडं निशाण लावलेलं नव्हतं. कापूस धुमसू लागला. दुपारी चारच्या सुमारास पहिला धडाका, अर्ध्या तासानं दुसरा. जपान आला, असंच लोकांना वाटलं. सहासष्ट अग्निशामक जवान गेले. गोदीतली, मशीद बंदरातली किती माणसं गेली ती वेगळीच. काकाआजोबा त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून लवकर निघाले होते. चिंचबंदराच्या पुढे चहा पीत असताना कपातला चहा उडून त्यांच्या सदऱ्यावर पडला. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यानं ती परत केली, हे ते सांगत तेव्हा आजी दर वेळी विचारायची, ‘आणि छप्पर कोणी शाकारलां?’

घरी तार यायला दिवस लागले. बोट चालू होती, पण मुंबईहून निघेना. गावात ज्याचं माणूस गोदीत, तो बंदरावर. आजोबांना कचेरीत बसवेना आणि उठवेना. मग एका सकाळी आलेल्या पडावातून काकाआजोबा स्वतःच उतरले, हातात काही नाही, तोच चहाचा डाग पडलेला सदरा. वळकटी-ट्रंकेचं काय झालं म्हणून विचारलं तर ते म्हणाले, ‘डाग मोजूचे आता दुसऱ्यान.’ ते पुन्हा मुंबईला गेले नाहीत. उभ्यादांड्याला सुक्या मासळीची वखार घातली, आणि बरी चालली.

‘रामदास’ लढाईतून परत आली आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारीचा दिवस, घरी निघालेले चाकरमानी. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं.

मी स्वतः पाहिली ती बोट पुष्कळ नंतरची. तेव्हा नावं ‘रोहिणी’, ‘सरिता’, आणि मग ‘कोकण शक्ती’, ‘कोकण सेवक’. पडाव अजून होतेच. खुर्चीतले साहेब नव्हते. एस.टी. रातराणी झाली, रस्ते बरे झाले, आणि ऐंशीच्या दशकाअखेर बोट कायमची बंद पडली. आजी त्याच्या थोडी आधी गेली, ते एका परीनं बरं झालं.

आता गणपतीला सगळे जमलो की बोटीचा विषय निघतोच. आत्या म्हणते, कँटीनची उसळ चांगली मिळायची ती ‘रोहिणी’वर. धाकटे काका म्हणतात, छे, ‘रोहिणी’वर फक्त चहा बरा, उसळ ‘सरिता’ची. आत्या म्हणते, तुला कधी बोट लागली नाही असा दिवस गेला नाही, तुला उसळ कुठली ठाऊक? काका म्हणतात, लागायच्या आधी खाल्लेली असायची. मग माझी मोठी वहिनी, जी देशावरची आणि जिनं बोट पाहिलेलीसुद्धा नाही, ती स्वयंपाकघरातून विचारते, की काळ्या वाटाण्याची होती की चवळीची. त्यावर दोघंही गप्प बसतात आणि मग एकदमच बोलायला लागतात: आत्या काळे वाटाणे, काका चवळी.